बघूसाहेबांची मिशी

राजकारणात कुणी तत्त्वासाठी जातं, कुणी खुर्चीसाठी. मी मक्रूदसाठी गेलो. आमच्या बीर तूत गावात उन्नती पक्षाची बैठक दर शनिवारी दुपारी वकील सी तोहामींच्या ('सी' म्हणजे आमच्याकडचं 'श्री') दिवाणखान्यात भरते, आणि त्यांच्या बायकोच्या हातचे खजूर भरलेले मक्रूद खाल्ले की माणसाला लोकशाहीबद्दल आपोआप आपुलकी वाटू लागते. शाखेचे सभासद नऊ. त्यातले दोघे मधुमेही, ते मात्र निव्वळ विचारसरणीसाठी येत.

त्या शनिवारी सी तोहामींनी ट्यूनिसच्या मुख्य कचेरीचं पत्र वाचून दाखवलं. नगरपालिकेची निवडणूक सात आठवड्यांवर आली आहे, तरुण मतदार भाषणं ऐकत नाहीत, ते दिवसभर मोबाइलच बघतात. तरी प्रत्येक शाखेनं मोबाइलवर बघण्यासारखी एक मालिका तयार करावी. शक्यतो विनोदी, शक्यतो विरोधकांची खिल्ली उडवणारी आणि शक्यतो हलत्या चित्रांची, कारण नटांपेक्षा चित्रं बरी, ती नंतर पक्ष बदलत नाहीत.

"सी शाज़ली चित्रकला शिकवतात," तोहामी म्हणाले.

माझ्या तोंडात अख्खा मक्रूद होता. तो गिळून 'मी फळं आणि सुरया शिकवतो, माणसं नाही' असं सांगेपर्यंत ठराव पास झाला होता. इतिवृत्तात लिहिलंय, 'सी शाज़लींनी मौन पाळून संमती दिली.'

घरी दलेंदाला सांगितलं. माझी बायको औषधाच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांच्या खोकल्याची चौकशी करून तिच्या बोलण्यातही एक तपासणीचा सूर आला आहे.

"म्हणजे तुम्ही कार्टून काढणार."

"राजकीय व्यंग्य," मी म्हणालो.

"तेच ते. आणि हलवणार कोण?"

हलवण्याचा विचार मी तोपर्यंत केलाच नव्हता. पुस्तकात बघितलं तर एका सेकंदाला बारा चित्रं. म्हणजे मिनिटाला सातशे वीस. एकोणीस वर्षांच्या नोकरीत मी वर्गातल्या सगळ्या मुलांची मिळून एवढी चित्रं तपासली नसतील. मी वही मिटली आणि तोहामींना राजीनामा कसा लिहावा याचा विचार करू लागलो. तेवढ्यात दलेंदा म्हणाली, "सगळा माणूस कशाला हलवायचा? सी बुरावींचं तसंही काय हलतं? मिशीच ना?"

सी बुरावी म्हणजे आमचे नगराध्यक्ष. उंच, अंगानं भरलेले, हात कायम पाठीमागे. नाकाखाली खजुराच्या झावळीसारखी दोन्हीकडे झुकलेली मिशी. या माणसानं अकरा वर्षांत कुणालाही 'नाही' म्हटलं नव्हतं. तुम्ही काहीही मागा, मिशी एकदा वर जायची, एकदा खाली यायची आणि आतून आवाज यायचा, "बघू. अल्लाहची मर्जी असेल तर आठवड्याभरात बघू." आमच्या तुतीच्या गल्लीच्या कोपऱ्यावरचा कचरा चार महिने ते बघत होते. ढीग इतका वाढला होता की वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या लल्ला बेय्यांच्या स्वयंपाकघरात मांजरी आता थेट समोरून डोकावत.

तर मिशी तेवढी हलवायची ठरलं. मी चित्रं काढायची, मोबाइलवर त्यांचे फोटो घ्यायचे आणि दलेंदानं ते कॉम्प्युटरवर एकामागून एक जोडायचे. हे काम ती दोन दिवसांत शिकली. मला ते सहा दिवसांत आलं नाही. कॉम्प्युटरच जुना आहे.

शनिवारी मी पहिलं चित्र बैठकीपुढं ठेवलं. त्यात बुरावींना मी बोकड केलं होतं.

"जनावर चालणार नाही," तोहामी म्हणाले. "बदनामीचा दावा लागेल."

"मग पक्षी?" कुणीतरी विचारलं.

"पक्षीही जनावरच."

"भोपळा?"

तोहामींनी बराच वेळ विचार केला. भोपळ्यावर कायद्यात काही सापडेना. पण त्यांच्या सासऱ्यांचं आडनाव भोपळ्याच्या जवळ जाणारं होतं, त्यामुळं तोही बाद झाला. शेवटी माणूसच काढायचा, पण नाव द्यायचं नाही असं ठरलं. मालिकेचं नाव ठेवलं 'बघूसाहेब'.

आता आवाज कुणाचा, हा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर माझ्या घराखालीच होतं. फरहात न्हावी. आम्ही एका बाकावर शिकलो. सी बुरावी वीस वर्षं दर गुरुवारी त्याच्याकडं दाढीला बसतात, आणि ज्याचा गळा वीस वर्षं हाताखाली आहे त्याचा आवाज माणसाला येणारच. फरहातनं 'बघू' म्हटलं की दुकानातली माणसं खुर्चीवरून उठून उभी राहत.

"मी कुठल्याच पक्षाचा नाही," फरहात म्हणाला. "माझ्याकडं सगळ्या पक्षांच्या दाढ्या येतात."

"नाव येणार नाही तुझं."

"शपथ घे."

मी शपथ घेतली. बारा हजार वस्तीचं गाव. पहिला भाग सुरू झाल्यावर नवव्या सेकंदाला सगळ्यांनी ओळखलं.

पण त्याआधी तो भाग मुख्य कचेरीला मंजुरीसाठी पाठवावा लागला. तिथल्या प्रचार समितीनं कळवलं की मालिका उत्तम आहे, मात्र पक्षाचं चिन्ह दर दहा सेकंदांनी दिसलं पाहिजे. आमचं चिन्ह शिडी. आता नगराध्यक्ष आपल्या कचेरीत बसून कॉफी पितोय, तिथं शिडी कशी आणायची? मी ती भिंतीला टेकवून ठेवली. दुसऱ्या प्रसंगात ते बाजारात आहेत, शिडी टोमॅटोच्या गाडीला टेकवली. तिसऱ्यात ते घरी झोपलेत, शिडी पलंगाला. लोकांना सगळं कळलं, शिडी तेवढी कळली नाही. कॉफीच्या दुकानात त्यावर वाद झाले. कुणी म्हणे चोर येणार आहे, कुणी म्हणे रंगाऱ्याचं काम अर्धवट राहिलंय. माझे शाळेतले मुख्याध्यापक मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "ती शिडी म्हणजे मृत्यू ना?" मी हो म्हणालो. कलावंतानं लोकांचा फार हिरमोड करू नये.

मालिका मात्र गाजली. दुसरा भाग येईपर्यंत गावातला प्रत्येक मोबाइल 'बघू, बघू' करत होता. मिशीशिवाय काहीच हलत नाही, याला लोकांनी शैली मानलं. बँकेतला कारकून म्हणाला, "राज्यकर्त्यांची जडता तुम्ही फार सूक्ष्म दाखवलीत हो." मी नम्रपणे मान खाली घातली. दलेंदा शेजारीच उभी होती, तिनं फक्त घसा साफ केला.

पक्षाबद्दल कुणी एक अक्षर विचारत नव्हतं.

तिसऱ्या भागाच्या तोंडावर निवडणूक कचेरीतून बोलावणं आलं. नगराध्यक्षांच्या कुणा पाठीराख्यानं तक्रार केली होती की हे प्रचाराचं साहित्य नोंदणीविना फिरतंय. मी इस्त्रीचा कोट घालून गेलो. चष्मा कपाळावर ठेवून काम करणारा एक शांत गृहस्थ समोर बसला होता. त्याच्याजवळच्या फॉर्मवर चारच रकाने होते. भित्तिपत्रक, कापडी फलक, पुस्तिका, इतर. 'इतर'वर काट मारलेली.

"हे काय आहे?" त्यानं विचारलं.

"हलती चित्रं."

"हलत्याचा रकाना नाही. चित्रं आहेत का?"

"चित्रं आहेत."

"मग भित्तिपत्रक. किती?"

"तिसऱ्या भागाची? सहाशे चौदा."

त्यानं चष्मा डोळ्यांवर घेतला आणि पहिल्यांदाच माझ्याकडं नीट बघितलं. "प्रत्येक भित्तिपत्रकाची मूळ प्रत आणा. लांबी, रुंदी लिहून. प्रत्येकावर शिक्का बसेल."

"साहेब, ती सगळी सारखीच आहेत. फक्त मिशी थोडी..."

"सारखी असतील तर एकच आणा."

"सारखी नाहीत."

"मग सगळी आणा."

या माणसाशी वाद घालता येईना, कारण तो बरोबर होता. दोन दिवस मी त्याच्यासमोर बसून चित्रं पुढं सरकवत होतो आणि तो शिक्के मारत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी, चारशेव्या चित्राच्या आसपास, तो हसला. "याची मिशी आता खाली येणार," तो म्हणाला. मला भरून आलं. माझ्या कलेकडं इतक्या बारकाईनं आजवर कुणी बघितलं नव्हतं.

पण शिक्का कधी कोपऱ्यात पडला, कधी कपाळावर, कधी गालावर. फोटो अजून घ्यायचे होते आणि पुन्हा चित्रं काढायला वेळ नव्हता. दलेंदानं तशीच जोडली. तिसऱ्या भागात बघूसाहेब बोलत आहेत आणि त्यांच्या तोंडाभोवती एक निळा गोल शिक्का माशीसारखा उड्या मारतोय, असं दिसू लागलं. गाव हसून लोळलं. लल्ला बेय्या खाली येऊन म्हणाल्या, "शाज़ली बाळा, ती सरकारी माशी फार छान काढलीस. पण माझ्या खिडकीतल्या खऱ्या माश्यांचं काय?"

हेच पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ. सी बुरावींकडं तक्रार नेऊन काही होत नाही, हे लोकांना अकरा वर्षांत कळलं होतं. आता ते गमतीनं फरहातकडं जाऊ लागले. दाढी करता करता, "बघूसाहेब, नळाला पाणी नाही हो." फरहात मिशीचा आव आणून म्हणे, "बघू." सगळे हसत. एक आठवडा तोही हसला. पण गंमत म्हणून का होईना, दिवसभर लोकांची रडगाणी ऐकली की माणसाच्या मनावर त्याचं ओझं होतंच. त्यात लल्ला बेय्या रोज येत, आणि त्या गमतीनं बोलत नसत. खुर्चीसमोर उभ्या राहून म्हणत, "फरहात, मला दम्याचा त्रास आहे. खिडकी उघडता येत नाही. तू बघणार का त्यांच्यासारखंच बघणार?"

एका मंगळवारी सकाळी फरहातनं हातातला वस्तरा खाली ठेवला, फोन उचलला आणि नगरपालिकेच्या गॅरेजमधल्या, नंबर न दाखवणाऱ्या जुन्या फोनवर लावला. तिथला मुकादम मबरूक.

"मबरूक," फरहात बुरावींच्या आवाजात म्हणाला, "तुतीच्या गल्लीत कचऱ्याची गाडी पाठव. आत्ता."

 मग मबरूक म्हणाला, "हो साहेब."

चाळीस मिनिटांत गाडी आली. ढीग उचलायला तीन खेपा लागल्या. ढिगाखाली एक सायकल सापडली, ती कुणाची यावरून दोन घरांत भांडण जुंपलं. लल्ला बेय्यांनी खिडकी उघडली आणि अर्धा तास नुसत्या उभ्या राहिल्या. मी शाळेतून येऊन बघतो तर गल्ली एवढी रुंद आहे हे मला पहिल्यांदाच कळलं.

तिथंच थांबलं असतं तर बरं होतं. बुधवारी फरहातनं शाळेमागची गटारं उपसून घेतली. शुक्रवारी बाजारातले दिवे लागले. शनिवारी मशिदीजवळचा खड्डा बुजला. आणि लोक काय करू लागले? शेवटी गाव सभ्य आहे. लोक नगरपालिकेत जाऊन सी बुरावींचे आभार मानू लागले. कुणी अंडी नेली, कुणी ऑलिव्हचं तेल. बुरावी आधी गोंधळले, मग मिशी वर करून म्हणू लागले, "आमचं कर्तव्यच आहे."

शनिवारच्या बैठकीत मक्रूदच्या ताटाला कुणी हात लावला नाही.

"आपल्याच मालिकेतला नट," तोहामी म्हणाले, "विरोधी उमेदवाराचा प्रचार करतोय. तोही काम करून. वर हे सरकारी माणसाचं सोंग घेणं आहे. उद्या प्रकरण बाहेर आलं तर फरहात आत जाईल आणि त्याच्यामागून आपण."

"मग काय करायचं?"

"थांबवायचं. शाज़ली, तुम्ही त्याचे मित्र, तुम्ही सांगा. मी मबरूकच्या कानावर घालतो की फोनवरचा आवाज खोटा आहे. निवडणुकीपर्यंत गावात काही सुधारता कामा नये."

शेवटचं वाक्य त्यांना तसं म्हणायचं नव्हतं. पण ते म्हणून गेले, आणि इतिवृत्तातही आलं.

घरी मी दलेंदाला शक्य तितक्या सौम्य शब्दांत ठराव सांगितला. ती भेंडी चिरत होती. चिरणं थांबवलं नाही तिनं.

"म्हणजे तुमचा पक्ष आता कचऱ्याच्या बाजूनं आहे."

"तसं नाही ते."

"कसं आहे ते सांगा ना, सी शाज़ली."

घरात ती माझ्या नावाआधी 'सी' लावते तेव्हा मी बसलेला असलो तर उभा राहतो. उभा राहिलो आणि भेंडीची देठं गोळा करून केराच्या डब्यात टाकून आलो. चार दिवस मी फरहातच्या दुकानावरून जाताना मान वळवून गेलो. माझी स्वतःची दाढी वाढली, शाळेत मुलांनी आजारी आहात का म्हणून विचारलं. गुरुवारी मात्र तोहामींचा तिसरा निरोप आला आणि मला जावंच लागलं. निवडणूक रविवारी होती.

दुकानात फरहात एकटाच होता. पाणी गरम करत होता.

"आलास," तो म्हणाला. "वाटच बघत होतो. बंद कर म्हणून सांगायला आलास ना?"

"तुला तुरुंगात टाकतील रे."

"हे तू सांगतोयस की तोहामी?"

"दोघंही."

फरहातनं टॉवेल झटकला. "शाज़ली, बत्तीस वर्षं मी या दुकानात बोलतोय. गावातला सगळ्यात जास्त बोलणारा माणूस मी. आजवर माझ्या बोलण्यानं कुणाच्या घरातला डबा इकडचा तिकडं झाला नाही. मंगळवारी मी एक वाक्य बोललो आणि गाडी आली. आणि तू म्हणतोस गप्प बस. ठीक आहे, बसतो. पण लल्ला बेय्यांना तू सांग. वर जा आणि सांग, खिडकी लावून घ्या म्हणून."

मला त्याचा राग यायला हवा होता. पण राग आला तो त्या पहिल्या मक्रूदचा. मी म्हणालो, "मी नाही सांगणार." आणि खुर्चीत बसलो. कशासाठी बसलो ते मलाच माहीत नव्हतं, बहुधा दाढीसाठी.

तेवढ्यात दार उघडलं आणि सी बुरावी आत आले. मी उठलो. त्यांनी हातानंच, बसा बसा, असं केलं आणि दुसऱ्या खुर्चीत बसले. फरहातनं त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधलं.  उजव्या गालाला फेस लावून झाला, मग डावा. उजवा गाल साफ झाला.  

"फरहात," सी बुरावी आरशात बघत म्हणाले, "आठवडाभर माझा आवाज माझ्याआधी कामावर जातोय."

फरहातचा वस्तरा हवेत थांबला. आणि घाबरला की त्याच्या तोंडून जे येतं तेच आलं. अस्सल बुरावींच्या आवाजात तो म्हणाला, "काय सांगता."

आरशात एक माणूस गप्प होता आणि दुसरा त्याच्याच आवाजात बोलत होता. मी डोळे मिटले. पोलीस, तुरुंग, शाळेतून निलंबन, सगळं नजरेसमोरून गेलं.

"मी तक्रार करणार नाही," बुरावी म्हणाले. "तक्रार केली तर लोकांना सांगावं लागेल की दिवे मी लावले नाहीत. मला फक्त एक सांग. चार महिने मी त्या मबरूकला फोन करतोय. तुतीच्या गल्लीसाठी निदान वीस वेळा केला असेल. माझं तो ऐकत नाही. तुझं कसं ऐकतो?"

फरहात स्वतःच्या आवाजावर आला. "तुम्ही त्याला काय म्हणता, सी बुरावी?"

"म्हणतो, मबरूक, जमलं तर तुतीच्या गल्लीत एखादी गाडी पाठवता येते का बघ."

"मी म्हणालो, पाठव. आत्ता."

"एवढंच?"

"एवढंच."

सी बुरावी विचारात पडले. मग त्यांनी कापडाखालून हात काढून खिशातला फोन काढला. फरहात त्यांच्या कानाशी वाकून हळूच म्हणाला, "जमलं तर म्हणू नका." त्यांनी मान हलवली.

"मबरूक, नदीकडच्या वस्तीत गाडी पाठव. आत्ता."

फोन मोठ्या आवाजावर होता. मबरूक म्हणाला, "फरहात, पुरे झाली चेष्टा. तोहामींनी सगळं सांगितलंय मला. आणि आजचा आवाज काही तितकासा जमला नाही." फोन बंद झाला.

मी हसलो असतो, पण बुरावींचा चेहरा बघितला. त्यांना अकरा वर्षांत कुणी एवढं स्पष्ट बोललं नसावं. ते उठले. गळ्याभोवती कापड, डाव्या गालावर फेस, उजवा गाल साफ. आणि चालायला लागले. रस्त्यावर. आम्ही दोघं मागोमाग. फरहातच्या हातात वस्तरा तसाच राहिला होता, त्यामुळं लोकांनी पटापट वाट दिली. नगराध्यक्ष पुढं, वस्तरा घेतलेला न्हावी मागं आणि त्याच्यामागं चित्रकलेचा मास्तर, अशी ती मिरवणूक बाजारातून गॅरेजपर्यंत गेली. गॅरेजला पोचेपर्यंत मागं निदान साठ माणसं जमली होती.

मबरूक गाडीच्या सावलीत डॉमिनो खेळत होता.

"मबरूक," बुरावी म्हणाले, "नदीकडच्या वस्तीत गाडी पाठव."

मबरूकनं आधी फरहातच्या तोंडाकडं बघितलं. ते बंद होतं. मग त्यानं पुन्हा बुरावींकडं बघितलं आणि हातातला डॉमिनो खाली पडला. "साहेब, तुम्ही नेहमी म्हणायचात जमलं तर. आम्हाला जमत नव्हतं हो."

"आज जमवायचंय," बुरावी म्हणाले, आणि स्वतःच गाडीत चढून बसले.

गाडी सुरू व्हायला वेळ लागला, तोवर त्यांनी खिडकीतून मला हाक मारली. "तुम्हीच ना ते चित्रं काढणारे?"

"हो," मी म्हणालो. आता काय ते ऐकून घ्यायची मी तयारी केली.

"माझी आई बघते ते. ऐंशीच्या पुढची आहे, ऐकू काही येत नाही. ती मिशी हलली की हसते. दिवसातून दहा वेळा बघते. पुढचा भाग कधी येणार म्हणून खुणेनं विचारत असते."

मी म्हणालो, काढतो. गाडी गेली.

निवडणूक सी बुरावींनी जिंकली. नुसती नाही, दणक्यात. अर्धी दाढी ठेवून कचऱ्याच्या गाडीत बसलेल्या माणसासमोर उभं राहायचं म्हणजे उमेदवाराला फार कष्ट होते. आमची एक जागा आली, सी तोहामींची. मुख्य कचेरीनं आमच्या शाखेला सर्वोत्तम मालिकेचं मानपत्र पाठवलं, त्यावर माझं नाव 'श्रीमती शाज़लिया' असं छापलंय. दलेंदानं ते दिवाणखान्यात लावलंय. मालिका बंद करण्याचा ठराव त्याच आठवड्यात पास झाला. मी मौन पाळलं नाही, विरोधात मत दिलं. आठ विरुद्ध एक.

तरी चौथा भाग मी काढला. तो कुठल्या पक्षाचा नव्हता, त्यामुळं त्यात शिडी नव्हती आणि त्यावर कुणाचा शिक्का नव्हता. तीन आठवडे लागले, कारण या वेळी मी पायही हलवले. तो चालतो. अर्धा गाल फेसाचा, गळ्यात कापड, बाजारातून चालत जातो, बस एवढंच. आवाज नाही, कारण बघणारीला ऐकू येत नव्हतं.

शुक्रवारी सी बुरावींनी मला आणि दलेंदाला मांस घातलेलं रव्याचं कुसकुस खायला बोलावलं. जेवण व्हायच्या आत दलेंदा त्यांच्या आईशेजारी जाऊन बसली आणि मोबाइल तिच्या हातात दिला. म्हातारीनं तो डोळ्यांजवळ नेला. बुरावी समोरच ताट घेऊन बसले होते. मी घास हातात धरून बघत होतो. 

म्हातारी खूप हसली. मग तिनं पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा बघून झाल्यावर ती, बहिरी माणसं बोलतात तशी, सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाली, "अर्धी दाढी करून कुठं निघालाय रे हा वेडा?" आणि जरा थांबून, डोळे पुसत, "पण निघालाय तर खरा. आमच्या बुरावीला दाखव हे. तो घराबाहेर पडेपर्यंत दुपार होते."

सी बुरावींनी शांतपणे मान हलवली, पुढं वाकले आणि आपल्या ताटातला मांसाचा मोठा तुकडा उचलून माझ्या ताटात ठेवला.